‘टेन्शन’ नव्हे, गाठीचा परिणाम

रावेर-यावलकडचा केळीचा व्यापारी चार बागांचा हिशेब तोंडी ठेवतो. कुठून किती क्विंटल माल निघाला, कुणाला उचल दिली, गाडी कधी भरायची, सगळं डोक्यात. पियुषिका म्हणजे पिट्युटरी ग्रंथीत गाठ झाली, की अनेकदा हीच ताकद कमी होते. शेताची हद्द, सोयऱ्यांची नावं पक्की आठवतात. पण आकडा मनात धरून दुसऱ्याशी दोन वाक्यं बोलला की आकडा निसटतो. “काही ध्यानमा ऱ्हात नही,” असं तो सांगतो आणि घरचे म्हणतात, टेन्शन घेतोस. या एका शब्दावर कितीतरी रुग्णांची तपासणी अडते, याचं मला फार वाईट वाटतं.

ही ग्रंथी वाटाण्याएवढी, जेमतेम अर्ध्या ग्रॅमची. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत ती असते आणि थायरॉइड, अ‍ॅड्रिनल, बीजकोश या सगळ्यांना कामाला लावते. तिच्यातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. १० मिलिमीटरपेक्षा मोठी झालेली गाठ वरच्या दृष्टीच्या नसांवर दाब आणू शकते. मग समोरचं नीट दिसतं, पण दोन्ही कडांचं दिसेनासं होतं. मोटारसायकलवर बाजूने येणारा ट्रक दिसला नाही, तर चष्म्याचा नंबर बदलून भागत नाही.

स्मरणशक्तीला मुख्य धक्का हार्मोन्समुळे बसतो. हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये सविस्तर मांडलेल्या आजारात ग्रंथीतल्या बारीकशा गाठीमुळे शरीरात कॉर्टिसॉल बेसुमार वाढतं. मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी साठवतो. जास्तीच्या कॉर्टिसॉलने तो आक्रसतो. उपचारानंतर तो काही प्रमाणात भरून येतो, पण काहींचा विसराळूपणा रक्ताचे रिपोर्ट सुधारल्यावरही टिकतो. अशा रुग्णाला ‘आता तू बरा झालास’ असं ऐकवत राहणं हा अन्याय आहे. वाढीचं हार्मोन जास्त झालं तर घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं वाढतं. रात्रीची झोप मोडली की दिवसा लक्ष लागत नाही.

उलट, गाठीच्या दाबाने किंवा ऑपरेशननंतर हार्मोन्स कमी पडली तरी विचार मंदावतात. इथे एक चकवा आहे. थायरॉइड तपासायचं म्हणून आपल्याकडे सर्रास फक्त टीएसएच करतात. पण टीएसएच पियुषिकाच बनवते! तीच आजारी असेल तर हा आकडा ‘नॉर्मल’ येऊनही थायरॉइड कमी असू शकतं. त्यामुळे फ्री टी-४ आणि सकाळचं कॉर्टिसॉल तपासावंच लागतं. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉइडची गोळी सुरू केली, तर प्रकृती एकदम ढासळू शकते.

आपल्या खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कॉर्टिसॉल कमी पडल्याने स्टेरॉइडच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाने या दिवसांत डोस चुकवला, वर उलट्या-जुलाब झाले, तर रक्तातलं सोडियम घसरतं आणि तो असंबद्ध बोलू लागतो. घरच्यांना वाटतं ऊन लागलं. पण त्याला तातडीने स्टेरॉइडचं इंजेक्शन आणि सलाईन लागतं. उशीर जिवावर बेततो.

गाठ म्हटलं की कवटी उघडायची, ही भीती बहुतेकदा निराधार आहे. प्रोलॅक्टिन वाढवणारी गाठ बऱ्याचदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी आकसते. बाकीच्या बहुतेक गाठी नाकावाटे काढतात. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सुरुवात तिथून करता येते. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात हार्मोनच्या आजारांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे जाताना एमआरआयच्या फिल्मा, जुने रिपोर्ट आणि रोज सोबत राहणारं घरचं एक माणूस न्या, कारण काय विसरतं ते रुग्णापेक्षा त्यालाच नेमकं सांगता येतं. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टेरॉइडची गोळी एक दिवसही बंद करू नका.