जुना थ्रीजी-फोरजी फोन घेताय? आधी हे तपासा, नाहीतर पैसे पाण्यात

घरात पडून असलेला जुना स्मार्टफोन शाळेतल्या पोराला द्यायचा, नाहीतर बाजारातून हजार-दीड हजारात सेकंडहँड हँडसेट आणायचा, हे गावोगावी चालतं. सीम टाकलं की रेंजच्या दांड्या दिसतात, फोनही लागतो. पण नेट सुरू केलं की नुसतं चाक फिरत राहतं. काही हँडसेटमध्ये उलटं होतं. नेट पळतं, पण कॉलच लागत नाही. दुकानदार टॉवरला दोष देतो, कस्टमर केअरवाले हँडसेटला. बऱ्याचदा दोन्ही ठीक असतात, फक्त त्यांचं एकमेकांशी जुळत नाही.

हे जुळणं तीन गोष्टींवर ठरतं. फोन कोणत्या पिढीचा आहे, म्हणजे टूजी, थ्रीजी की फोरजी. तो कोणते बँड पकडतो. आणि त्यात फोरजीवरून कॉल करायची सोय आहे का. खोक्यावर छापलेल्या 'जी'वरून यातली पहिलीच गोष्ट कळते.

फोनवर थ्रीजी, पण टॉवरच नाही

आयफोन थ्रीजी भारतात ऑगस्ट २००८ मध्ये विकायला आला. तेव्हा देशात थ्रीजीचं नेटवर्कच सुरू झालेलं नव्हतं. एमटीएनएलने दिल्लीत डिसेंबर २००८ मध्ये आणि बीएसएनएलने फेब्रुवारी २००९ मध्ये ही सेवा सुरू केली. खासगी कंपन्यांना २०१० च्या लिलावात लहरी मिळाल्या आणि त्यांची सेवा त्या वर्षाच्या शेवटी सुरू झाली. तोपर्यंत महागडे थ्रीजी फोनही टूजीवरच चालत होते.

पुढे थ्रीजी आलं, तरी खेड्यांत अडचण राहिली. सुरुवातीचं थ्रीजी २१०० मेगाहर्ट्झवर होतं, तर टूजी बऱ्याच ठिकाणी ९०० वर. आकडा जितका लहान तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून, झाडीतून चांगली पार होते. म्हणून तालुक्याच्या स्टँडवर फोनवर 'एच' दिसायचा आणि गावाकडे वळलं की 'ई' यायचा. 'एच' म्हणजे वेगवान थ्रीजी, 'ई' म्हणजे टूजीचं संथ नेट.

आता थ्रीजीही जात चाललं आहे. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून ते टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं. थ्रीजी बंद झालं की फक्त थ्रीजीचा फोन थेट टूजीवर येतो. कॉल होतो, नेट नावालाच उरतं.

कपाटातलं डोंगल

लॅपटॉपला लावायचं डोंगल एके काळी अनेकांकडे होतं. त्यावर ३.६ किंवा ७.२ एमबीपीएस असं छापलेलं असायचं. तो आकडा जास्तीत जास्त वेगाचा. टॉवरवरचे सगळे ग्राहक तोच वेग वाटून घेतात, त्यामुळे हातात त्यातला थोडाच भाग यायचा.

टाटाचं फोटॉन प्लस आणि रिलायन्सचं नेटकनेक्ट प्लस ही डोंगल तर सीडीएमए या वेगळ्या तंत्रावर होती. ती सेवाच आता बंद आहे, त्यामुळे कोणी पन्नास रुपयांत दिलं तरी घेऊ नये. बाकीची बरीच डोंगल कंपनीने लॉक केलेली असतात. दुसऱ्या कंपनीचं सीम त्यात चालत नाही. देशातलं पहिलं फोरजी एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात सुरू केलं, तेही आधी डोंगल आणि घरच्या राउटरवर, फक्त नेटसाठी. त्यावर कॉल करायची सोय नव्हती.

फोरजी फोन आणि कॉलची गोची

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि अनेकांची पंचाईत झाली. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, कॉलसुद्धा फोरजीवरून जातो. याला व्होल्टी म्हणतात. त्याआधीच्या अनेक फोरजी फोनमध्ये व्होल्टी नव्हतं. त्यांना कॉलसाठी वेगळं अॅप घ्यावं लागलं. २०१७ मध्ये १५०० रुपये अनामत घेऊन आलेला जिओफोन बटणांचा असला तरी त्यात व्होल्टी होतं, म्हणून तो चालला.

व्होल्टी नसलेल्या फोरजी फोनमध्ये इतर कंपन्यांचं सीम असेल, तर कॉल करताना फोन टूजीवर उतरतो आणि तेवढा वेळ नेट थांबतं.

गावात टॉवर कोणाचा?

भारतात २०१४ ते २०१६ च्या सुमारास विकलेल्या बऱ्याच फोरजी फोनमध्ये बँड ३, ५ आणि ४० एवढेच असायचे. जिओला ते पुरतात. पण बीएसएनएलच्या फोरजीत ७०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे बँड २८ चाही वापर होतो. वाडी-वस्तीवर फक्त बीएसएनएलचा टॉवर असेल आणि तो ७०० वर चालत असेल, तर बँड २८ नसलेल्या फोनला तिथलं फोरजी दिसणारच नाही.

मोटारीच्या स्टार्टरचं सीम

विहिरीवरच्या मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवलेला असेल, तर हीच गोष्ट तिथेही लागू होते. अनेक जुने स्टार्टर फक्त टूजीवर चालतात. त्यात जिओचं सीम टाकलं तर नेटवर्क येणारच नाही. मेकॅनिकला बोलावण्याआधी सीम कोणत्या कंपनीचं आहे ते बघा. टूजी सेवा देणाऱ्या कंपनीचं सीम टाकून पाहा. नवीन स्टार्टर घेताना मात्र फोरजीचाच मागा, कारण थ्रीजीसारखी पाळी उद्या टूजीवरही येऊ शकते.

जुना फोन घेण्याआधी

१. स्वतःचं सीम टाका, डेटा चालू करा. वर 'फोरजी' किंवा 'एलटीई' दिसलं पाहिजे.

२. कॉल लावा आणि चिन्हाकडे बघा. फोरजी तसंच राहिलं तर व्होल्टी चालू आहे. 'ई' किंवा 'एच' आलं तर नाही.

३. सेटिंगमधून मॉडेल नंबर घेऊन त्याचे बँड नेटवर शोधा.

४. तालुक्याच्या दुकानात तपासून भागत नाही. घरी आणि शेतात तपासायची मुभा मागा.

५. अँड्रॉइडची आवृत्ती बघा. अँड्रॉइड ५ च्या खालच्या फोनवर व्हॉट्सअॅप चालत नाही, पैसे पाठवायच्या अॅपना त्याहून नवी आवृत्ती लागते.

६. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय नंबर काढा आणि संचार साथीवर तपासा. फोन चोरीचा निघाला तर पैसेही जातात आणि पोलिसांचा ताप वेगळा. पावती घ्यायला विसरू नका.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना दोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ विक्रेता थांबायला तयार नसेल, तर तो फोन तिथेच सोडलेला बरा.