पडदा ११ महिन्यांचा

मीरा रोडला एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये उतरवून ठेवलेला पडदा पाहिला. कापड धडधाकट होतं, पण रिंगांभोवती गंजाचे तांबूस डाग आणि दोन रिंगा निखळलेल्या. ‘जपून वापरला नाही’ म्हणून भाडेकरूच्या डिपॉझिटमधून पैसे कापले होते. मला ते पटेना. म्हणून भाईंदर पश्चिमेच्या एका पडदेवाल्याकडे जाऊन बसलो.

येणारे घरमालक एकच आकडा सांगत होते : ११ महिने. करार तेवढाच, तर पडदा तेवढा टिकला की झालं. वर्षाच्या आतला करार नोंदवावा लागत नाही, असा समज त्यामागे असतो. खरं तर १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार कितीही महिन्यांचा असो, तो नोंदवावाच लागतो. तरी ११चा आकडा काही सुटत नाही. रंग, माप, भाव पाच मिनिटांत उरकतं.

मागे मशीनवर बसलेल्या ताईंना तेवढी घाई नव्हती. शिवता शिवता त्यांनी एक जुना पडदा माझ्यापुढे उलटा केला. रिंगांच्या पट्टीतलं बकरम, म्हणजे आतलं कडक कापड, हलक्या प्रतीचं. दोन धुण्यांत ते लोळागोळा झालेलं, म्हणून रिंगांना धरायला काही उरलंच नव्हतं. ताई नवीन पडद्याला जाड बकरम लावतात आणि रिंगा प्लास्टिकच्या घ्यायला सांगतात. इथे एकीकडे खाडी आणि मिठागरं, पलीकडे उत्तनचा समुद्र. खारी दमट हवा हलक्या लोखंडाला सोडत नाही. सुती कापड असलं तर त्या ते आधी भिजवून वाळवतात, मगच कात्री लावतात. भाड्याच्या घराला मात्र त्या पॉलिस्टरच सुचवतात : आटत नाही, लवकर वाळतं.

तेवढ्यात एक गृहस्थ ४ फुटी खिडकीचं माप घेऊन आले. कापड ५ फूट पुरे म्हणाले.

“काका, निदान ८ फूट घ्या. चुण्याच पडल्या नाहीत तर भाडेकरू ओढून ओढूनच लावणार. मग रिंग निघते, आणि बोल त्याला लागतो.”

“११ महिन्यांसाठी एवढं?”

“खिडकी काय ११ महिन्यांनी जाणारे?”

मला मीरा रोडचा तो भाडेकरू आठवला. ज्या चुकीसाठी त्याचे पैसे कापले, ती कापड घेतानाच झाली होती, त्यानं घरात पाऊल टाकण्याआधी.

काकांनी ८ फूट घेतलं, प्लास्टिकच्या रिंगाही घेतल्या. खिडकी पश्चिमेची, म्हणून ताईंनी अस्तर सुचवलं : ऊन अस्तर खातं, ते विरलं की तेवढंच बदलायचं. अस्तराला मात्र काका नाहीच म्हणाले.