आमदार, मंत्री, मग न्यायमूर्ती

राजकारणात वावरलेल्या माणसाला न्यायाधीश होता येत नाही, असं अनेकांना ठामपणे वाटतं. घटनेत तशी बंदी नाही. उच्च न्यायालयासाठी कलम २१७ नागरिकत्व आणि दहा वर्षांची वकिली किंवा न्यायिक पद मागतं. आधीची आमदारकी त्याआड येत नाही. न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर हे याचं उदाहरण. ते १९५२ साली मद्रास विधानसभेत निवडून आले, १९५७ साली केरळात. तिथल्या मुख्यमंत्री नंबुद्रिपादांच्या सरकारात कायदा, गृह, तुरुंग अशी खाती त्यांनी सांभाळली.

ते कम्युनिस्ट पक्षाचे आमदार होते, हाही गैरसमजच. दोन्ही वेळा ते अपक्ष होते, पाठिंबा मात्र कम्युनिस्टांचा होता. मंत्रिपदावरून ते थेट न्यायासनावर गेले, हेही खरं नाही. नंबुद्रिपाद सरकार १९५९ साली बरखास्त झालं. केरळ उच्च न्यायालयात ते आले १९६८ साली. सर्वोच्च न्यायालयात आले १९७३ मध्ये.

सर्वाधिक गोंधळ त्यांच्या २४ जून १९७५च्या आदेशाबद्दल आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १२ जूनला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली होती. कोणी म्हणतं अय्यरांनी त्यांना वाचवलं, कोणी म्हणतं त्यांच्यामुळेच आणीबाणी आली. सुट्टीकालीन न्यायमूर्ती म्हणून अय्यरांनी त्या निकालाला सशर्त स्थगिती दिली: पंतप्रधानपदी राहता येईल, सभागृहात बसता येईल, पण खासदार म्हणून मतदान नाही, वेतन नाही. इंदिरा गांधींचे वकील पालखीवाला यांनी पूर्ण स्थगिती मागितली होती. ती मिळाली नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी लागली, ती लावली सरकारने. अपील दाखल होण्याआधी कायदामंत्री ह. रा. गोखले यांनी भेट मागितली होती आणि आपण नकार दिला, असं अय्यरांनी पुढे सांगितलं. 

राजकारणाचा अनुभव न्यायाधीशाला बिघडवतोच, हे मला पटत नाही. १९४८ साली अय्यर महिनाभर कोठडीत होते, पुढे तुरुंग खातं त्यांच्याकडे आलं. कैद्यांच्या हक्कांवरचे त्यांचे निकाल वाचताना तुरुंगाची ही ओळख जाणवते. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७८च्या खटल्यात निकालाची प्रत आरोपीच्या हाती पडेपर्यंत त्याची शिक्षा भोगून झाली होती. अय्यरांनी याचिका फेटाळली, पण कैद्याला निकालाची प्रत वेळेवर व मोफत मिळावी आणि गरजूला अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील द्यावा, असं बजावलं.