निवेदकाविना कादंबरी : ‘वर्कमाइस्टर हार्मनीज’ या चित्रपटातील माध्यमांतर

हंगेरियन कादंबरीकार लास्लो क्रास्नाहोर्काई यांची ‘प्रतिकाराची विषण्णता’ ही कादंबरी १९८९ मध्ये, म्हणजे हंगेरीतील एकपक्षीय राजवट संपुष्टात आली त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. बेला टार यांनी तिच्यावर आधारलेला ‘वर्कमाइस्टर हार्मनीज’ हा चित्रपट २००० मध्ये पूर्ण केला. पटकथा कादंबरीकार व दिग्दर्शक या दोघांची आहे. सहदिग्दर्शन व संकलन आग्नेश ह्रानित्स्की यांचे. मूळ लेखक स्वतः सहभागी असूनही चित्रपट कादंबरीपासून बराच दूर जातो. या अंतराचे स्वरूप काय, हा येथील प्रश्न आहे.

दोन्ही संहितांचे कथासूत्र समान आहे. कडाक्याच्या थंडीत एका लहान गावात भलामोठा देवमासा घेऊन सर्कस येते. तिच्यासोबत ‘प्रिन्स’ नावाची एक गूढ व्यक्ती असते. चौकात अनोळखी माणसे जमतात आणि एका रात्री गावात विध्वंस माजतो. यानोश वालुश्का हा भाबडा तरुण, संगीतज्ज्ञ एस्टर आणि त्याची सत्ताकांक्षी, विभक्त पत्नी ट्युंडे ही प्रमुख पात्रे होत.

कादंबरीचे तीन भाग आहेत. चित्रपटाचे शीर्षक व मुख्य आधार मधल्या भागातून आले आहेत. कादंबरी वालुश्काची आई श्रीमती प्लाउफ हिच्या भयग्रस्त रेल्वेप्रवासाने सुरू होते. चित्रपटात हा प्रवास नाही. तो मद्यालयातील एका प्रसंगाने उघडतो. वालुश्का तेथील मद्यपींना सूर्य, पृथ्वी व चंद्र यांच्या भूमिका देऊन ग्रहण समजावून सांगतो. वाचकाचा प्रवेश एका भेदरलेल्या मनातून होतो, तर प्रेक्षकाचा फिरणाऱ्या देहांमधून.

क्रास्नाहोर्काई यांचे वाक्य दीर्घ असते. परिच्छेद क्वचितच तुटतो. हे वाक्य पात्राच्या मनात शिरते आणि त्याच वेळी त्या मनाचा उपहासही करते. सहानुभूती आणि उपरोध ही तेथे एकाच वाक्याची दोन अंगे आहेत. चित्रपटाची लांबी १४५ मिनिटे असून त्यात केवळ ३९ शॉट आहेत, म्हणजे एक शॉट सरासरी पावणेचार मिनिटांचा. दीर्घ वाक्याला दीर्घ शॉट हा पर्याय, असे समीकरण त्यावरून सहज मांडले जाते. परंतु ते अपुरे आहे. शॉट वाक्याची सलगता घेऊ शकतो. निवेदकाचा उपरोध मात्र त्याला आपोआप घेता येत नाही.

या उणिवेचा सर्वांत मोठा परिणाम ट्युंडेच्या चित्रणावर झाला आहे. कादंबरीत अराजक ही तिच्यासाठी संधी आहे. गोंधळ वाढू द्यायचा आणि मग सुव्यवस्थेची त्राती म्हणून पुढे यायचे, हा तिचा डाव निवेदक बारकाईने उलगडतो. अखेरीस ती दंगलीत मारल्या गेलेल्या श्रीमती प्लाउफच्या अंत्यविधीत भाषण करून तिला वीरांगना ठरवते. चित्रपटात ट्युंडेचे कारस्थान सूचित होते, पण ते कथेच्या कडेला राहते. हिंसेमागील राजकीय हिशेब त्यामुळे फिकट होतो आणि हिंसा एखाद्या वैश्विक आपत्तीसारखी भासू लागते. ही हानी नोंदविल्याशिवाय चित्रपटाची थोरवी सांगणे एकांगी ठरेल.

मात्र चित्रपटाने स्वतःची अशी एक नैतिक भूमी निर्माण केली आहे. जमाव रुग्णालयात घुसतो, रुग्णांना मारहाण करतो, सामान फोडतो. एक पडदा ओढला जातो आणि समोर हाडांचा सापळा झालेला नग्न वृद्ध उभा दिसतो. कोणीही बोलत नाही. मिहाय वीग यांचे संगीत सुरू होते आणि माणसे मुकाट्याने माघारी फिरतात. त्यांच्या मनात काय घडले, हे सांगणारा निवेदक नाही. करुणा, लाज की केवळ रितेपण, याचा निर्णय प्रेक्षकावर सोपविला जातो.

शीर्षकातील सूत्रही याच दिशेने जाते. सतराव्या शतकातील जर्मन संगीतशास्त्रज्ञ आंद्रेआस वर्कमाइस्टर यांच्या स्वरजुळणीने संगीताला नैसर्गिक स्वरांपासून दूर नेले, असे एस्टर मानतो. म्हणून तो आपला पियानो वेगळ्या पद्धतीने जुळवतो. विध्वंसानंतर मनोरुग्णालयात मूक बसलेल्या वालुश्काला तो सांगतो, की पियानो आता पुन्हा इतर पियानोंसारखा जुळवला आहे. शुद्धतेच्या आग्रहाचा हा पराभव चित्रपट एका साध्या वाक्यात उरकतो.

दोन्ही शेवट मृत देहापाशी येतात, हे लक्षणीय आहे. कादंबरी श्रीमती प्लाउफच्या शवाचे जैवरासायनिक विघटन शास्त्रीय अलिप्ततेने वर्णून थांबते. सत्तेच्या भाषणानंतर निसर्गाचा निर्विकार हिशेब उरतो. चित्रपटात धुक्याने भरलेल्या चौकात देवमासा उघडा पडलेला असतो. एस्टर त्याच्या डोळ्यात पाहतो आणि निघून जातो. पहिला शेवट सांत्वन नाकारतो, दुसरा पाहण्याची जबाबदारी शिल्लक ठेवतो.

क्रास्नाहोर्काई यांना २०२५ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या कादंबऱ्या टार यांच्या चित्रपटांतून ओळखणाऱ्यांनी हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. माध्यमांतराचा अभ्यास मूळ संहितेवरील निष्ठेच्या मोजमापात अडकू नये हे खरेच. परंतु काय गळले याची नोंद त्याने टाळू नये. ‘हिंसेचा लाभ कोणाला?’ हा कादंबरीचा प्रश्न आहे, तर ‘हिंसा कोठे थबकते?’ हा चित्रपटाचा. एकाचे उत्तर दुसऱ्यात शोधल्यास दोन्ही प्रश्न हरवतात.