उरलंसुरलं – 9 : फसफस गेली, साखर उरली

वाढदिवस होतो, पाहुणे जातात आणि फ्रिजच्या दारात कोलाची दोन लिटरची बाटली अर्धी उरते. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर 'फुस्स' एवढासुद्धा आवाज येत नाही. मग आठवडाभर ती तिथेच उभी असते आणि शेवटी मोरीत जाते. मागच्या आठवड्यात गुलाबजामच्या उरलेल्या पाकाचं काय करायचं ते पाहिलं. त्या पाकाला जो न्याय, तोच या बाटलीला लावावा असं माझं म्हणणं आहे. फसफस गेलेलं पेय हा पातळ, आंबट पाकच असतो. एकदा तसं पाहिलं की तो कुठे घालायचा हे आपोआप सुचतं.

कोलाच्या 100 मिलीत साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते. म्हणजे उरलेल्या लिटरभरात शंभर ग्रॅमच्या वर, चहाचे वीसेक चमचे. उसाला पाणी किती लागतं हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. एवढी साखर मोरीत ओतताना म्हणूनच मला खरोखर वाईट वाटतं. साखरेखेरीज कोलात फॉस्फोरिक आम्ल असतं, जळक्या साखरेचा रंग असतो आणि लिंबूवर्गीय फळं, दालचिनी, व्हॅनिला अशा धर्तीचा वास असतो. लिंबू-संत्र्याच्या पेयांत आम्ल बहुधा सायट्रिक. यातलं काहीही उडून जात नाही, जातो तो फक्त कार्बन डायऑक्साइड. त्यामुळे जिथे बुडबुड्यांचंच काम आहे तिथे ही बाटली निरुपयोगी. भज्यांच्या पिठात ताजा साधा सोडा घातला तर भजी हलकी होतात. शिळा कोला घातला तर ती हलकी तर होत नाहीतच, वर साखरेमुळे आतून शिजण्याआधी बाहेरून काळवंडतात.

पाक करताना आपण त्यात लिंबाचे चार थेंब पिळतो, म्हणजे त्याची पुन्हा साखर होत नाही. आम्लामुळे साखरेचे दोन तुकडे पडतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि हे मिश्रण सहजी खडे धरत नाही. कोलाच्या बाटलीत हेच काम भरल्या दिवसापासून हळूहळू चालू असतं. बाटली जितकी जुनी, तितकी साखर जास्त फुटलेली. याचे स्वयंपाकात दोन परिणाम होतात. आटवलेला कोला बरणीत गुळगुळीत राहतो, आणि तो साध्या पाकापेक्षा लवकर तांबूस होतो, म्हणून लवकर करपतोही.

आटवायचा असेल तर पसरट स्टीलचं पातेलं घ्या. ॲल्युमिनियम नको, आम्ल त्याला खातं. सुरुवातीला उरलासुरला वायू फेस होऊन वर येतो, मग बराच वेळ नुसतं पाणी उकळल्यासारखं दिसतं. निम्म्याहून कमी झाल्यावर बुडबुडे मोठे आणि चकचकीत होऊ लागतात, वास टॉफीकडे झुकतो. इथून पुढे पातेल्यापाशीच उभं राहायचं. थेंब थंड ताटलीवर टाकून ताटली तिरकी केली की तो सावकाश ओघळला पाहिजे. लिटरमागे सव्वाशे मिलीच्या आसपास पाक मिळतो. चिंच-खजुराच्या चटणीत गुळाऐवजी घातला तर त्यातल्या दालचिनीसारख्या वासामुळे चटणीला चांगली खोली येते. चिंच मात्र थोडी कमी घ्या.

पण नुसत्या पाकासाठी इतका गॅस जाळणं मला तितकंसं पटत नाही. पदार्थ शिजता शिजताच कोला आटावा, हे जास्त शहाणपणाचं. चिनी घरांत कोला घालून चिकन विंग्ज करतात, ते याचं उत्तम उदाहरण. आल्याच्या चकत्या तेलात परतायच्या, त्यावर आठ-दहा विंग्ज दोन्ही बाजूंनी लालसर करायच्या, दोन मोठे चमचे सोया सॉस आणि 300 मिली कोला ओतायचा. झाकण ठेवून वीस मिनिटं, मग झाकण काढून आच वाढवायची. सोया सॉसचा खारटपणा आणि कोलाची गोडी एकमेकांना तोलतात आणि शेवटी रस चिकनला वार्निशसारखा चिकटतो. वेगळं मीठ लागत नाही. शेवटची तीन-चार मिनिटं हलवत राहा, रस तेवढ्या वेळात करपू शकतो. इंग्लंडमध्ये नायजेला लॉसन यांनी 1998 च्या 'हाउ टु ईट' या पुस्तकात अख्खं हॅम कोलात शिजवायला सांगितलं आहे. खारवलेलं मांस आणि गोड-आंबट रस, हिशेब तोच.

आता केक. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत कोलाचा चॉकलेट केक घरोघरी होतो, आपल्याकडे कंडेन्स्ड मिल्कच्या बिनअंड्याच्या केकमध्येही कोला घालतात. कोला आंबट आहे, तेव्हा खाण्याच्या सोड्याशी त्याची क्रिया होऊन केक फुगेल, असं वाटणं साहजिक आहे. इथे आकडा पाहायला हवा. कोला जिभेला झोंबण्याइतका आंबट असला तरी त्यात आम्ल वजनाने फार थोडं असतं, लिटरमागे जेमतेम अर्धा ग्रॅम. पाव लिटर कोला चहाचा पाव चमचा सोडासुद्धा पुरता संपवू शकत नाही. उरलेला सोडा केकला साबणासारखी चव देतो. अमेरिकेतल्या कृतीत कोलाबरोबर ताक असतं ते याचसाठी, खरं आम्ल ताकातून येतं. तेव्हा शिळा कोला घालताना अर्धी वाटी ताक घाला किंवा सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरा, आणि कोलाच्या दर 100 मिलीमागे कृतीतली साखर दोन चमचे कमी करा.

दुधाच्या पदार्थांत हे पेय घालू नका, दूध फाटतं. राजमा-छोले शिजवतानाही नको. आम्ल आणि साखर दोन्ही कडधान्याला मऊ होऊ देत नाहीत, शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा टचटचीत राहतो. छोल्यांना काळसर रंग हवा असेल तर चहाची पुरचुंडीच बरी. 'डाएट' पेयांत आटवायला साखरच नसते, आणि त्यातलं ॲस्पार्टेम उकळत ठेवलं की मोडतं, गोडी जाते. ती बाटली स्वयंपाकाच्या कामाची नाही.

बाटलीला कुणी तोंड लावलं असेल, ती दिवसभर बाहेर राहिली असेल, तर मोह टाळा. इतक्या आंबट द्रवात बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, पण यीस्ट आणि बुरशीला तेवढं आम्ल अडवत नाही. आंब्याच्या गराची पेयं तर कोलापेक्षा कितीतरी लवकर बिघडतात. शिळी, गॅस गेलेली बाटली पुन्हा टम्म फुगलेली दिसली, तर आत आंबण सुरू झालेलं असतं. ती मात्र खुशाल मोरीत ओता.