उठावाची पाटी विकण्याआधी

पाटी करायला आलेला दुकानदार बहुधा आधी दर विचारतो: चौरस फुटाला किती? तिथेच फ्लेक्सचा भाव सांगितला की उठावाच्या अक्षरांचा विषय संपतो. त्याऐवजी पेंटरने, पाटीवाल्याने उलट विचारावं: गिऱ्हाईक ही पाटी कुठून वाचणार? धंद्यातला ठोकताळा असा की दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच उंचीचं अक्षर लागतं. रस्त्यापलीकडच्या शंभर फुटांसाठी दहा इंच. दुकान रात्री उघडं असेल तर एलईडीचा खर्च पटतो. जागा भाड्याची असेल तर सोडताना काढून नेता येतील अशी, चौकटीवर बसवलेली अक्षरं सुचवावीत.

देवनागरीत खरं कसब लागतं. २०२२ च्या कायदादुरुस्तीपासून महाराष्ट्रात प्रत्येक दुकानाची पाटी मराठीत हवी, आणि ती अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पण वेलांटी वर जाते, उकार खाली उतरतो, म्हणून उंची मूळ अक्षराची मोजायची की पूर्ण, हे कोटेशनमध्येच लिहावं. अनुस्वार सुटा पडतो. त्याला स्वतंत्र आधार आणि वायर लागते. शिरोरेषेमुळे मात्र अख्खा शब्द एकसंध बनवता येतो आणि भिंतीला भोकं कमी पडतात.

मालवण, रत्नागिरीकडच्या गिऱ्हाइकाला समुद्र किती जवळ आहे हे जरूर विचारावं. खाऱ्या हवेत ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर तांबूस डाग येतात. तिथे ३१६ ग्रेडचं स्टील किंवा अ‍ॅक्रिलिक द्यावं.