सुप्याच्या माळावरचे वीस टेराबाइट

सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याचं क्षेत्रफळ अवघं 5.14 चौरस किलोमीटर. एवढ्याशा माळावर चिंकारा उधळला की आजचा चांगला कॅमेरा सेकंदाला 20 फोटो टिपतो आणि एकेक रॉ फोटो 50 मेगाबाइटच्या घरात जातो. म्हणजे दर सेकंदाला एक गिगाबाइट. हरीण बाभळीआड जाईपर्यंत दहा सेकंद गेले, तर दहा गिगाबाइट भरले. घरच्या लग्नाचं फोर-के चित्रीकरण तर 100 मेगाबिटच्या दराने तासाला 45 गिगाबाइट खातं. दोन कॅमेरे आठ तास चालले की 720. मग जुना कॉम्प्युटर आणि ड्रॉवरमधल्या पोर्टेबल डिस्क पुरेनाशा होतात, घरात सर्व्हर घ्यायचं ठरतं आणि दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती टीबी?’ माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा.

कारण जागा आता अफाट मिळते. आयबीएमने 1956 मध्ये पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात 24 इंची 50 चकत्या होत्या, वजन टनाहून जास्त होतं आणि मावत होती 50 लाख अक्षरं. आजचा 20 टीबीचा ड्राइव्ह पाऊण किलोही भरत नाही. त्यातला मजकूर 1956 च्या यंत्रांत भरायचा तर 40 लाख यंत्रं लागतील, निदान 40 लाख टन. माळेगाव-सोमेश्वरच्या साखर कारखान्यांकडे निघालेली उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली 20 टनांची धरा: दोन लाख खेपा. जोडीची लांबी 15 मीटर धरली तर रांग तीन हजार किलोमीटरची.

या पाऊण किलोच्या डबीत काय चाललेलं असतं, हे मला टीबीपेक्षा थक्क करतं. चकती मिनिटाला 7,200 वेळा फिरते. दिवसाला एक कोटीहून जास्त फेरे, वर्षाला 378 कोटी. तिची कड ताशी सुमारे 130 किलोमीटरने धावते आणि वर्षभरात साधारण 11 लाख किलोमीटर कापते, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या जवळजवळ तिप्पट. त्या धावत्या कडेवरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. माणसाचा केस 80 हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो. अचानक लाइट गेली, तर चकतीच्या उरलेल्या गतीतूनच वीज तयार होते आणि तिच्यावर हेड बाजूच्या रॅम्पवर चढवलं जातं. हेड वाचतं, पण लिहिता लिहिता अर्धवट राहिलेली फाइल वाचेलच असं नाही. म्हणून यादीत आधी यूपीएस. शिवाय मे महिन्यात सुप्याचा पारा चाळिशी ओलांडतो आणि बहुतेक ड्राइव्हची मर्यादा 60 अंशांची असते. तेव्हा दोन पंखे आणि मोकळी हवा असलेलं कॅबिनेट हवं. बंद कपाट नको.

पुढचा आकडा सहसा कोणी वाचत नाही. साध्या ड्राइव्हच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की शंभर लाख कोटी बिट वाचताना न वाचता येणारी चूक एकाहून कमी असेल. संख्या अवाढव्य वाटते, पण ते होतात फक्त 12.5 टीबी. 20 टीबीच्या दोन आरसा-डिस्कपैकी (दोन्हींवर तोच मजकूर) एक गेली, तर नवी भरताना दुसरी पूर्ण वाचावी लागते: 160 लाख कोटी बिट. ही हमीची मर्यादा आहे आणि ड्राइव्ह प्रत्यक्षात बहुधा याहून बरे वागतात. तरी सर्व्हरसाठी बनवलेला, दसपट हमीचा ड्राइव्ह घ्यायला हाच आकडा भाग पाडतो. सेकंदाला 250 मेगाबाइटचा वेग शेवटपर्यंत टिकला तरी ही भरणी 22 तास चालते, आणि आतल्या कडेकडे वेग उतरतोच.

प्रोसेसरवर मात्र पैसे घालवू नयेत. फोर-के चित्राच्या एका फ्रेममध्ये 82,94,400 ठिपके. सेकंदाला 30 फ्रेम म्हणजे जवळपास 25 कोटी ठिपके. जुन्या टीव्हीसाठी ते चालता चालता बदलायचे, तर त्यासाठीचं खास सर्किट असलेली इंटेल एन100 सारखी 6 वॉटची चिप पुरते. रात्रंदिवस 80 वॉट ओढणारा जुना डेस्कटॉप वर्षाला 700 युनिट जाळतो, 25 वॉटची छोटी पेटी 219.

आणि तिसरी डिस्क घराबाहेर ठेवायची, कारण आरसा चोरीपासून किंवा आगीपासून वाचवत नाही. 20 टीबी इंटरनेटने पाठवायला 50 मेगाबिटच्या अपलोडवर 37 दिवस लागतील. तीच डिस्क पिशवीत गुंडाळून मोरगाव-जेजुरी-सासवडमार्गे एसटीने पुण्याच्या नातेवाइकांकडे नेली आणि प्रवास अडीच तासांचा धरला, तर वेग पडतो सेकंदाला 17 हजार मेगाबिटहून जास्त, म्हणजे त्या लाइनच्या साडेतीनशे पट. वर्षातून दोनदा ती परत आणून नवे फोटो भरायचे आणि भरल्यावर चार-दोन फाइली उघडून पाहायच्या.